चुका दाखवणारी माणसं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून माझे कवीमित्र हसले. सॉफ्टवेअरमधली माणसं, त्यांचे मेळावे आणि त्यांची नोकरीतली वाटचाल यावर बोलायला तुला बोलावलं? त्यांचं हसणं चुकीचं नव्हतं. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता, आणि टाइप केलेली कविता सापडेनाशी झाली की पुतण्याला फोन करण्यापुरता. पण या पुतण्यामुळेच गेल्या काही वर्षांत मला त्या मंडळींचं जग जवळून बघायला मिळालं. तिथे जे दिसलं, ते मला अनोळखी वाटलं नाही. ते सांगावं म्हणून आलो आहे.

पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. सोलापूरच्या कॉलेजातून २०२० साली इंजिनिअर झाला. भाऊ एसटीत कंडक्टर होते. घराण्यातला हा पहिला इंजिनिअर. एका मोठ्या कंपनीत निवड झाली तेव्हा आख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. पण ते साल करोनाचं. कंपनीने लॅपटॉप कुरिअरने पाठवला आणि पोरगं घरातल्या मागच्या खोलीत बसून नोकरी करू लागलं. दोन वर्षं त्याने आपला साहेब फक्त पडद्यावर पाहिला. काम काय, तर दुसऱ्या कुणी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या बारीकसारीक दुरुस्त्या. २०२२ मध्ये पुण्याला बोलावणं आलं, हिंजवडीजवळ खोली घेतली. २०२३ मध्ये त्याचा प्रोजेक्ट बंद झाला. त्या क्षेत्रात अशा बिनकामाच्या माणसाला ‘बेंचवर’ आहे म्हणतात. काही आठवडे बेंचवर बसवलं आणि एके दिवशी राजीनामा लिहून द्यायला सांगितलं.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी मी एका कविसंमेलनासाठी पुण्याला गेलो आणि रात्री त्याच्या खोलीवर उतरलो. सकाळी नऊ वाजले, दहा वाजले, तरी हा अंथरुणातच. मी म्हणालो, “आज सुट्टी आहे का रे?” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “चाचा, अब्बांना सांगू नका.”

आमचं घरातलं बोलणं दखनीत असतं, ते मी मराठीत सांगतो आहे. पण ते वाक्य कुठल्याही भाषेत तेवढंच जड आहे. साठवलेल्या पैशातून तो दरमहा घरी रक्कम पाठवत होता, पगार चालू आहे असं दाखवायला. मी काय केलं? घरातला वडीलधारा जे करतो तेच. सल्ला दिला. “एमपीएससीचा फॉर्म भर. सरकारी नोकरीसारखं काही नाही.” तो हो म्हणाला, कारण त्याला वाद घालायचं त्राण नव्हतं. आज मला त्या सल्ल्याची लाज वाटते. त्याचं दुखणं काय आहे हे न विचारता मी औषध लिहून दिलं होतं.

त्याचं दुखणं मला त्याच्याशी दोन दिवस बोलल्यावर कळलं. तीन वर्षं नोकरी करूनही या मुलाला त्याच्या धंद्यातलं एकही माणूस ओळखत नव्हतं. त्याने लिहिलेलं कुणी नीट वाचलं नव्हतं. चूक झाली की मेल यायचा, बरोबर असेल तर काहीच यायचं नाही. आपल्याला येतं किती, हेच त्याला माहीत नव्हतं. त्यांच्यात एक वाक्य बोललं जातं: अमुक माणसाला पाच वर्षांचा अनुभव आहे, की एकाच वर्षाचा अनुभव पाच वेळा आहे? हे वाक्य त्याला दिवसरात्र खात होतं.

त्याचा खोलीतला सोबती लातूरकडचा, जरा खटपट्या मुलगा. त्या शनिवारी तो म्हणाला, “काका, आमची एक बैठक असते, चला की.” मी गेलो. पुतण्या माझ्यासोबत यावं लागलं म्हणून आला.

एका कॉलेजचा हॉल, तीसचाळीस माणसं, चहा आणि वडापाव. मी शेवटच्या रांगेत बसलो. तिसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि आपला प्रोग्रॅम का चालला नाही, हे तिने अर्धा तास सांगितलं. का चालला, हे नव्हे बरं! कुणी हसलं नाही. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ वही काढून तिचं लिहून घेत होते. मला एकदम आमची शनिवारची बैठक आठवली. सोलापुरात एका शिंप्याच्या दुकानामागे आम्ही पोरं जमायचो. आमचे उस्ताद सूतगिरणीत कामाला होते. आमच्या गझला ते वाचत आणि चुकलेल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारत. उर्दूत याला इस्लाह म्हणतात, म्हणजे सुधारणा. पण ते सुधारून कधी देत नसत. “रेघ माझी, शेर तुझा. तूच दुरुस्त कर,” म्हणत. माझी एक गझल त्यांनी सात वेळा परत केली होती.

बैठक संपल्यावर त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी पुतण्याला विचारलं, “आपण काय काम केलंत?” तो म्हणाला, “काही विशेष नाही.” ते म्हणाले, “तीन वर्षं काही विशेष नाही, असं होत नाही. घरी जाऊन आठवेल तेवढं लिहा. काय अडलं होतं, तुम्ही काय केलंत, त्याने काय बदललं. पुढच्या वेळी घेऊन या.” त्याने लिहिलं. चार पानं झाली. त्यात एक गोष्ट अशी निघाली की रोज रात्री पाच तास चालणारं एक काम याने दुरुस्ती करून चाळीस मिनिटांवर आणलं होतं. हे त्याने साहेबाला कधी सांगितलंही नव्हतं, कारण “माझं कामच होतं ते.” त्या चार पानांतून पुढे त्याचा नवा अर्ज तयार झाला. नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने अशी वही ठेवावी, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

श्रोतेहो, ही जमण्याची रीत या क्षेत्रात नवी नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवरच्या एका चर्चागटाला कळवलं की मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, तुमच्या सूचना कळवा. हा लिनस टोरवाल्ड्स. त्याच्या त्या हौसेचं नाव पुढे लिनक्स पडलं. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच आहे, आणि जगातले पाचशे सर्वांत वेगवान महासंगणक २०१७ पासून त्याच्यावरच चालतात. हे एका माणसाचं काम नाही. गाव करील ते राव काय करील, असं आपण म्हणतो; तसं हे गावाचं काम. लिनक्सच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत हजाराहून जास्त माणसांचा हात असतो.

हे चालतं कसं? कुणीही दुरुस्ती लिहून पाठवू शकतो. त्या त्या विभागाचा एक राखणदार असतो, तो ती तपासतो, प्रश्न विचारतो, परत पाठवतो. तपासून पसंत पडली तरच वर जाते. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे, लिहिणाऱ्याच्या नावाखाली तपासणाऱ्याचंही नाव कायमचं नोंदलं जातं. आमच्या कवितासंग्रहांत इस्लाह करणाऱ्याचं नाव क्वचितच छापतात!

अर्थात तपासणाऱ्याची जीभ सांभाळली गेली नाही, तर तिथेही पोरं पळतात. टोरवाल्ड्स तिखट बोलण्याबद्दल प्रसिद्ध होता. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्याने जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामापासून दूर राहिला, आणि त्याच सुमारास तिथे सभ्य वर्तनाचे नियम लिहून स्वीकारले गेले. सत्तावीस वर्षांनी का होईना, गुरूलाही वाटलं की शिष्याचा अपमान हा शिकवण्याचा भाग नाही. आपल्याकडे सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. एवढा मोठा कवी, पण वृत्त म्हणजे काय, काफिया म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावून सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. जाणत्याने बाराखडी लिहावी लागते, तेव्हा कुठे पुढची पिढी उभी राहते.

आता माझ्या स्वतःच्या तक्रारीची गोष्ट. मी कविता एका मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साठवतो. त्यात ‘वाऱ्यावर’ हा शब्द शोधला की निम्म्या कविता सापडायच्या, निम्म्या नाही. मी वैतागून पुतण्याला म्हणालो, “तुझ्या यंत्राला मराठी येत नाही.” त्याच्याकडे वेळच वेळ होता. त्याने शोधलं. निघालं असं, की ‘वाऱ्या’तला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ घेऊन. दुसरा, साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य सांधणारं चिन्ह घालून. कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. माझ्या निम्म्या कविता जुन्या संगणकावर एका पद्धतीने टाइप झालेल्या, निम्म्या फोनवर दुसऱ्या.

बैठकीतल्या लोकांनी त्याला सांगितलं, तक्रार करण्याऐवजी दुरुस्ती पाठव. त्याने दोन्ही रूपं शोधताना एकच धरावीत अशी दुरुस्ती लिहिली. परदेशातल्या कुणा राखणदाराने ती परत पाठवली: याची चाचणी कुठे आहे? चाचणी जोडली. पुन्हा परत: नेपाळीतही हा र आहे ना, तिथे काय होतं? तेही तपासलं. पुन्हा परत: नावं नीट द्या. चौथ्यांदा परत आली तेव्हा त्याने मला फोन केला. आवाज रडवेला. “चाचा, चौथ्यांदा नाकारलं.” मी म्हणालो, “बेटा, नाकारायचं असतं तर त्याने पहिल्यांदाच गप्प बसून सोडून दिलं असतं. चार वेळा वाचतोय म्हणजे त्याला ते हवं आहे. माझे सात झाले होते.” पाचव्या खेपेला दुरुस्ती स्वीकारली गेली. त्या रात्री त्याने स्वतः अब्बांना फोन केला आणि नोकरी गेल्याचं सांगितलं. भाऊ म्हणाले, “मग पैसे का पाठवत होतास, वेड्या?” एवढंच. आम्ही सगळे ज्या क्षणाला भीत होतो, तो असा गेला.

तुम्ही म्हणाल, पुण्यामुंबईत हे ठीक आहे, लहान गावातल्या पोरांनी काय करावं? त्याचंही उत्तर आहे. पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूर या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात कुशल दास आणि त्यांच्या मित्रांनी लिनक्स वापरणाऱ्यांचा एक गट सुरू केला. २००८ पासून त्यांनी उन्हाळी वर्ग घेतले, फुकट आणि नुसत्या टाइप केलेल्या मजकुरातून. चित्र नाही, आवाज नाही, त्यामुळे इंटरनेट कितीही मंद असलं तरी चालतं. प्रश्न असेल त्याने उद्गारचिन्ह टाइप करायचं, म्हणजे हात वर केला, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. तिथे सुरुवातीला शिकवतात काय, तर पत्र कसं लिहावं आणि प्रश्न कसा विचारावा. मी काय करायला गेलो, काय व्हायला हवं होतं, काय झालं, मी आतापर्यंत काय करून पाहिलं. एवढं लिहिताना निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतले विद्यार्थी ‘ग्नूनिफाय’ नावाचा मेळावा भरवत आले. पायथन या संगणकभाषेची भारतातली परिषद २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली, ती २०११ मध्ये पुण्यात भरली होती. खुर्च्या लावण्यापासून वक्ते ठरवण्यापर्यंत ही सगळी स्वयंसेवकांची कामं. आणि जिथे मुली बिचकतात, तिथे त्यांच्यासाठी वेगळी दारं उघडली गेली. २०१४ मध्ये बर्लिनमध्ये दोन तरुणींनी ‘जॅंगो गर्ल्स’ नावाची मोफत कार्यशाळा घेतली, तिचा कित्ता पुढे देशोदेशी गिरवला गेला. माझी मुलगी आता दहावीला आहे. तिला अशा हॉलमध्ये शेवटच्या रांगेत नाही, पुढे बसलेलं मला बघायचं आहे.

पण मेळावे सुरू करणं सोपं असतं, टिकवणं अवघड. ते आम्हा साहित्यिकांना कुणी शिकवायला नको. एकच माणूस सगळं ओढतो, एक दिवस थकतो आणि बैठक संपते. सॉफ्टवेअरमध्ये याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, ते २०२४ मध्ये दिसलं. फायली लहान करणारा ‘एक्सझेड’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक संगणकात तो असतो. त्याची राखण फिनलंडमधला एक माणूस वर्षानुवर्षं एकट्याने, बिनपगारी करत होता. तो थकला होता, मनाने खचला होता, आणि तसं त्याने लिहिलंही होतं. वर काही अनोळखी नावं त्याच्या मागे लागली होती, काम झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या म्हणून. त्याच काळात एकजण मदतीला आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने नेमाने मदत केली, विश्वास मिळवला, आणि मग त्या प्रोग्रॅममध्ये चोरवाट घालून ठेवली. ती पसरली असती तर जगभरातले असंख्य संगणक परक्याच्या हाती गेले असते. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकावर आत शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं जाणवलं. त्याने खोदून काढलं आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सावध केलं.

या गोष्टीतून लोक चोरीबद्दल बोलतात. मला तो थकलेला माणूस दिसतो. त्याचं काम जग वापरत होतं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायला आलेला एकमेव माणूस चोर निघाला. म्हणून बैठक चालवणाऱ्यांनी कामं वाटून घ्यावीत. खुर्ची वेळेवर सोडावी. पायथनचा जनक गीदो व्हान रॉसम २०१८ मध्ये निर्णयाच्या जबाबदारीतून बाजूला झाला आणि २०१९ पासून निवडून आलेली पाच जणांची समिती ते काम बघते. भाषा बंद पडली नाही. कविसंमेलनाच्या कायमच्या अध्यक्षांनी यावर विचार करायला हरकत नाही!

आता आईवडिलांसाठी दोन शब्द. आपण मुलाला विचारतो, पगार किती, साहेब कधी होणार? या धंद्यात वर जायचे जिने दोन आहेत. एक माणसं सांभाळणाऱ्यांचा, दुसरा कामात खोल जाणाऱ्यांचा. चांगल्या कंपन्यांत दुसऱ्या जिन्यावरही मान आणि पगार वाढत जातो. उत्तम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जबरदस्तीने साहेब केलं, की एक चांगला कारागीर जातो आणि एक वाईट साहेब मिळतो. मुलाचा कल कुठल्या जिन्याकडे आहे, एवढं त्याला विचारा.

आणि हेही लक्षात घ्या, की सल्ला देणारा एक असतो आणि शब्द टाकणारा दुसरा. पहिला तुम्हाला समोर बसवून समजावतो. दुसरा तुम्ही हजर नसलेल्या खोलीत तुमचं नाव घेतो. ज्यांच्या घरात आधी कुणी या क्षेत्रात गेलेलं नाही, ज्यांचं इंग्रजी अडखळतं, त्यांना पहिला कदाचित मिळतो, दुसरा सहसा मिळत नाही. तो अशा बैठकांतून, आपलं काम चार लोकांनी पाहिल्यावरच भेटतो.

२०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं. आता पोरं रात्री एकटीच यंत्राला प्रश्न विचारतात आणि झटकन उत्तर मिळतं. नवशिक्यांची बरीच कामं यंत्र करू लागलं आहे, ही भीतीही खोटी नाही. मी यंत्राला नावं ठेवत नाही. माझा पुतण्याही ते वापरतो. पण यंत्र तुमच्यासाठी शब्द टाकत नाही. आणि यंत्राने लिहिलेलं बरोबर आहे का, हे ओळखायला जी नजर लागते, ती चार वेळा परत आलेल्या कामातूनच तयार होते.

पुतण्याला सात महिन्यांनी नोकरी लागली. कंपनी लहान आहे, पगार सुरुवातीला आधीपेक्षा कमी होता. त्याचं नाव तिथे कुणी सुचवलं? त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी. पुढे काय होईल, ही नोकरी टिकेल का, ते मी सांगू शकत नाही; या क्षेत्रात तसं कुणीच सांगू शकत नाही. पण यावेळी नोकरी गेली तर तो तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहणार नाही, एवढं नक्की. सध्या तो महिन्यातल्या एका रविवारी सोलापूरला येतो आणि आमच्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या वर्गात दहा-बारा पोरांना घेऊन बसतो. परवा मी डोकावलो. एका पोराच्या वहीत त्याने पेन्सिलने रेघ मारली होती. दुरुस्ती मात्र लिहून दिली नव्हती.

माझ्या उस्तादांना त्याने कधी पाहिलेलं नाही.